अ‍ॅक्सेसमध्ये सेव्ह न झालेले बदल ओळखताना या चुका टाळा

एका पतसंस्थेला हप्त्यांच्या नोंदी ठेवण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्सेसमध्ये डेटाबेस करून दिला होता. तिसऱ्या आठवड्यात तिथल्या क्लार्क बाईंचा फोन आला, ‘‘काल संध्याकाळी हप्ता टाकला होता हो, आज दिसतच नाही.’’ मी जाऊन पाहिलं. त्यांनी रक्कम टाकली होती, पण पावती क्रमांकाचा रकाना रिकामा राहिला होता आणि तो भरणं सक्तीचं होतं. त्यांनी ‘बंद करा’ दाबलं आणि फॉर्म मुकाट्याने बंद झाला. ना मेसेज, ना एरर. नोंद गेली ती गेलीच.

चूक माझी होती. बटणामागे मी फक्त ‘डूकमांड.क्लोज’ लिहिलं होतं. रेकॉर्ड, म्हणजे ती नोंद, सेव्ह होऊ शकत नसेल, तर ही आज्ञा ते टाकून देते आणि फॉर्म बंद करते. अनेकजण त्यापुढे ‘एसीसेव्हयेस’ लावतात आणि डेटा सुरक्षित झाला असं समजतात. पण ते ‘सेव्ह’ फॉर्मच्या डिझाइनबद्दल असतं, रेकॉर्डशी त्याचा काही संबंध नाही.

उपाय एका ओळीचा आहे. बंद करण्याच्या आधी लिहा: इफ मी.डर्टी देन मी.डर्टी = फॉल्स. ‘डर्टी’ म्हणजे या रेकॉर्डमध्ये सेव्ह न झालेला बदल आहे. ते फॉल्स केलं की अ‍ॅक्सेस लगेच सेव्ह करायला जातं. रेकॉर्डमध्ये खोट असेल तर इथेच एरर येते, पुढची ओळ चालत नाही, फॉर्म उघडा राहतो. मात्र वर ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ लिहून ठेवलं असेल तर ती एरर गिळली जाते आणि आपण पुन्हा मूळ जागी. हीच ओळ ‘छापा’ बटणामागेही हवी. रिपोर्ट टेबलातून वाचतो, स्क्रीनवरून नाही. त्यामुळे रक्कम बदलून लगेच छापलं तर कागदावर जुनाच आकडा येतो.

प्रश्न चुकीच्या वेळी विचारणं

‘बदल सेव्ह करायचे का?’ हा प्रश्न बरेचजण फॉर्मच्या अनलोड किंवा क्लोज इव्हेंटमध्ये, म्हणजे फॉर्म बंद होताना चालणाऱ्या कोडमध्ये टाकतात. मग तक्रार असते की मी.डर्टी कायम फॉल्सच येतं. येणारच. अ‍ॅक्सेस आपल्याला विचारत बसत नाही: दुसऱ्या रेकॉर्डवर गेलात, फॉर्म बंद केलात की सेव्ह. अनलोडची पाळी येते तेव्हा काम उरकलेलं असतं.

जागा एकच, बिफोरअपडेट, म्हणजे सेव्ह होण्याच्या ऐन आधीचा इव्हेंट. रेकॉर्ड कोणत्याही वाटेने सेव्ह व्हायला निघालं तरी या दारातून जातं. तिथे विचारा; ‘नाही’ म्हटलं तर कॅन्सल = ट्रू (सेव्ह थांबवा) आणि मी.अनडू (बदल पुसा), दोन्ही करा. अनडू विसरलात आणि कोणी कोपऱ्यातल्या फुलीने फॉर्म बंद केला, तर ‘हे रेकॉर्ड आत्ता सेव्ह करता येत नाही’ अशा अर्थाचा गोंधळात टाकणारा इंग्रजी मेसेज समोर येतो. आणि वरची मी.डर्टी = फॉल्स ही ओळ बटणामागे असेल, तर बिफोरअपडेट रद्द झाल्यावर ती 2101 ही एरर देते. तेवढा क्रमांक एरर हाताळणाऱ्या कोडमध्ये पकडून ठेवा.

काहीच बदललं नाही, तरी इशारा

खोटा इशारा मला हरवलेल्या नोंदीइतकाच घातक वाटतो. नुसतं पाहायला उघडलेल्या खात्यावरही ‘सेव्ह करू का?’ येत राहिलं, की माणूस न वाचता ‘हो’ दाबायला शिकतो. मग खरा इशाराही तसाच निघून जातो.

बहुतेक वेळा याचं मूळ करंट इव्हेंटमध्ये सापडतं. रेकॉर्ड समोर येताच कोडने आजची तारीख किंवा शाखेचं नाव भरलेलं असतं, म्हणजे रेकॉर्ड पाहिलं की डर्टी. नवीन रेकॉर्डवर तर यातून अर्धवट नोंदी साठत जातात. असं मूल्य रकान्याच्या डिफॉल्ट व्हॅल्यूमध्ये द्या, त्याने रेकॉर्ड डर्टी होत नाही. ‘शेवटचा बदल’ची तारीख बिफोरअपडेटमध्ये भरा.

दुसरं कारण असं, की कोणी 500 चे 600 केले आणि परत 500 लिहिले, तरी डर्टी ट्रूच राहतं. खरंच काही बदललं का, हे कळायला ओल्डव्हॅल्यूशी, म्हणजे रकान्यातल्या सेव्ह झालेल्या जुन्या मूल्याशी तुलना करावी लागते. इथे नल, म्हणजे रिकामं मूल्य, घात करतो. आधी रिकाम्या असलेल्या मोबाइलच्या रकान्यात पहिल्यांदाच नंबर टाकला, तर ‘ओल्डव्हॅल्यू <> व्हॅल्यू’चं उत्तर ट्रू नाही, नल येतं. इफ त्याला ‘नाही’ समजतो आणि खरा बदल निसटतो. दोन्ही बाजूंना एनझेड हे फंक्शन लावा, ते नलच्या जागी साधं मूल्य देतं. आणि ही तुलना फॉर्मच्या आफ्टरअपडेटमध्ये (सेव्ह झाल्यानंतर) करू नका, तोवर ओल्डव्हॅल्यू नवीच झालेली असते.

मराठी डेटात आणखी एक खाच आहे. ‘कऱ्हाड’मधला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो: ऱ आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडचिन्हाचा कोड. डोळ्यांना दोन्ही सारखेच. बायनरी तुलनेत, म्हणजे अक्षरांचे कोड ताडून पाहताना मात्र ते वेगळे ठरतात आणि कुणी काही बदललं नाही असं वाटत असताना बदल दिसतो. रेकॉर्डमध्ये येतानाच एक रूप ठरवून घ्या.

सबफॉर्मचं वेगळंच आहे

वर ग्राहक आणि खाली, फॉर्मच्या आतल्या फॉर्ममध्ये, मालाच्या ओळी, असं बिल घ्या. खालच्या ओळीत क्लिक केलं की वरचं रेकॉर्ड सेव्ह होतं. वरच्या ‘रद्द करा’ बटणाकडे परत आलात की खालची ओळही सेव्ह झालेली असते. म्हणजे त्या बटणामागचं मी.अनडू काहीच परत आणत नाही आणि वरच्या फॉर्मचं डर्टी खालच्या ओळींबद्दल काही सांगत नाही. अख्खं बिल रद्द करता यायला हवं असेल, तर आधी तात्पुरत्या टेबलात भरा आणि ‘बिल पक्कं करा’ दाबल्यावरच खऱ्या टेबलात न्या. काम वाढतं, पण दुसरा भरवशाचा मार्ग मला सापडलेला नाही.

त्या बाईंच्या फॉर्मवर मी रेकॉर्ड सिलेक्टर परत चालू केला; ही डावीकडची पट्टी बदल सेव्ह व्हायचा असेल तोवर पेन्सिल दाखवते. डिझाइन नीटनेटकं दिसावं म्हणून तो लपवला होता. आता डाव्या कडेला पेन्सिल दिसते तोवर त्या उठत नाहीत.