हाडं शिकताना आणि शिकवताना: या चुका टाळा

हाडांच्या प्रयोगशाळेत शिकवण्याचं माझं हे चौथं वर्ष. सकाळी स्वतःच्या प्रबंधाचं काम, दुपारी मुलांची प्रात्यक्षिकं. दर सत्रात मुलं नवी असतात, चुका मात्र त्याच. सगळ्यांच्या मुळाशी घाई आहे. हाड नीट पाहायच्या आधीच त्याबद्दल काहीतरी सांगून टाकायचं असतं.

दोन पेट्या एकदम उघडणं. ही चूक मी स्वतः केली आहे. शिकवायला लागल्यावर पहिल्याच सत्रात स्पॉटिंगच्या, म्हणजे समोर मांडलेलं हाड ओळखायच्या परीक्षेची मांडणी माझ्याकडे आली. संध्याकाळ झाली होती. वेळ वाचेल म्हणून दोन सांगाड्यांच्या पेट्या एकाच टेबलावर उघडल्या आणि हातांच्या पिशव्या एकाच ट्रेमध्ये रिकाम्या केल्या. एका हातात २७ हाडं असतात: मनगटाची ८, तळहाताची ५, बोटांची १४. दोन माणसांचे चार हात म्हणजे १०८. दोघांची चण सारखी, रंग तसाच तपकिरी आणि शाईने घातलेले जुने क्रमांक बऱ्याच हाडांवरून पुसलेले.

परीक्षेनंतर पेट्या भरायला बसले आणि हात थांबला. पुढचे तीन दिवस त्यातच गेले. मनगटाची हाडं जुळवता आली, कारण ती एकमेकांत बसतात. मनगटातलं स्कॅफॉइड शेजारच्या लुनेटला लावायचं, मग दोन्ही मिळून रेडियसच्या, म्हणजे पुढच्या हातातल्या अंगठ्याकडच्या हाडाच्या टोकावर बसवून पाहायची. दुसऱ्या माणसाची असली तर फट राहते किंवा डुगडुगतात. मेटाकार्पलांची, म्हणजे तळहाताच्या हाडांची बुडंही शेजारणीशी जुळतात. पण बोटांच्या टोकाच्या पेरांपुढे मी हरले. त्यातली अकरा पेरं अजून वेगळ्या पिशवीत आहेत आणि पिशवीवर माझ्या अक्षरात लिहिलंय, ‘कोणाची ते ठरलं नाही’. दोन माणसांचे हात माझ्यामुळे अपुरे राहिले, याचं आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून एका टेबलावर एकच पेटी. उजवा हात परत पिशवीत गेल्याशिवाय डावा बाहेर काढायचा नाही. काढताना मोजायचं, ठेवताना मोजायचं, आणि आकडा पेटीतल्या कागदावर लिहायचा. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं. वाटू दे.

कवटी डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून उचलणं. खोबणीच्या आतल्या बाजूचं लॅक्रिमल हाड कागदासारखं पातळ असतं. दोन्ही हात खाली धरून उचला, वाळूच्या पिशवीवर किंवा कापडाच्या चुंबळीवर ठेवा. गालाची कमान ही मूठ नव्हे.

पेनाने दाखवणं. शाईचा ठिपका हाडावरून सहज जात नाही. मी बांबूची काडी वापरते.

चित्रांवरून पाठ करणं. फोनवरच्या कार्डांवर मांडीचं हाड नेहमी अखंड, समोरून, उजेडात दिसतं. परीक्षेत आणि उत्खननात हाती येतो तो मधला तुकडा. अशा वेळी हाडाला रक्त पुरवणारं छिद्र शोधा. दंड आणि पुढच्या हाताच्या हाडांत त्याचा मार्ग कोपराच्या दिशेने आत जातो. मांडी आणि नडगीत तो गुडघ्यापासून दूर जातो. वरचं टोक कुठलं, हे एवढ्यावरून कळू शकतं. गुडघ्याची वाटी असेल तर सांध्याची गुळगुळीत बाजू खाली आणि निमुळतं टोक तुमच्यापासून लांब करून टेबलावर ठेवा. ती ज्या बाजूला कलते, त्या बाजूची. बाहेरचा पृष्ठभाग मोठा असतो म्हणून असं होतं. हे मी आधी सांगत नाही. आधी वाटी दहा मिनिटं हातात फिरवायला लावते, कारण युक्तीमागचं कारण न कळता ती शिकलेलं मूल वाटीची कड मोडलेली असली की अडतं.

दिसलं छिद्र की रोग. दर वर्षी कोणीतरी ह्युमरसच्या, म्हणजे दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाशी आरपार भोक पाहतं आणि ‘जखम’ किंवा ‘संसर्ग’ लिहितं. तिथली हाडाची भिंत मुळातच पातळ असते आणि काही माणसांत तिला भोक असतं. तो साधा शारीरिक फरक आहे. कपाळाच्या मधोमध उरलेल्या सांध्याला ‘फ्रॅक्चर’ म्हणणारे आहेत. तरुण मुलाच्या मांडीच्या हाडाचं अजून न जुळलेलं टोक पाहून ‘तुटलंय’ म्हणणारेही आहेत. मी आधी कडेवरून बोट फिरवायला सांगते. भोकाची कड गुळगुळीत, गोलसर असेल तर ते जिवंतपणीचं. धारदार आणि आतून फिकट असेल तर ते वाळलेल्या हाडाला नंतर झालेलं, बहुतेकदा आपल्यापैकीच कोणीतरी केलेलं. तसं असेल तर लगेच सांगा. मी रागावत नाही. लपवलं तर रागावते.

एका खुणेवर स्त्री की पुरुष ठरवणं. भुवईचा उंचवटा पाहून निकाल देऊ नका. आधी पेल्व्हिस, म्हणजे कमरेचा हाडांचा घेर पाहा, विशेषतः त्याचा समोरचा प्युबिसचा भाग. फेनिस या मानववंशशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये मांडलेल्या तीन खुणा आजही तिथूनच वाचल्या जातात. आणि वयात न आलेल्या मुलांच्या हाडांवरून हे खात्रीने सांगता येत नाही. ‘अनिश्चित’ हेही उत्तर आहे, मी त्याला पूर्ण गुण देते.

फेव्हिक्विकने चिकटवणं. नको. संग्रहालयांत पॅरालॉइड बी-७२ हा चिकटवणारा राळेसारखा पदार्थ वापरतात, कारण ते अॅसिटोनने परत सोडवता येतं.

सांगाड्याबरोबर सेल्फी. यावर मी एकदाही सूट दिलेली नाही. १९८५ मध्ये भारताने मानवी अवशेषांच्या निर्यातीवर बंदी घातली. त्याआधी जगभरच्या वर्गांत पोचलेले असंख्य सांगाडे इथल्याच माणसांचे होते, आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. माझ्या तासाला फोन दाराजवळच्या टेबलावर राहतात.