सीताफळ झालेला मासा आणि लवंगेचं तेल

मासा वरून बघायचा. समोरच्या काचेतून तो नुसता जाडजूड दिसतो, चांगला खातोय असंच वाटतं. टाकीवर वाकून बघितलं की कळतं, एकेक खवला उभा राहिलाय, बार्शीच्या सीताफळासारखा. आमच्या लाल्याचं, म्हणजे चार वर्षांच्या गोल्डफिशचं, तसं झालं होतं. दुकानात याला ड्रॉप्सी म्हणतात. आतली किडनी थकते, अंगातलं पाणी बाहेर पडत नाही, म्हणून मासा फुगतो.

मी घरी शाळेचे युनिफॉर्म शिवते. मशीन आणि टाकी एकाच खोलीत, त्यामुळे दिवसभर नजर त्याच्यावर. आठ दिवस एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियमचं मीठ, पाण्यात घालून बघितलं, रोज थोडं थोडं पाणी बदललं. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणजे पिंपात साठवलेलंच पाणी. त्यातला क्लोरीन आधीच उडून गेलेला, तेवढा एक फायदा. पण दाणा टाकला तरी हा वर येईना. तळाशी आडवा पडून कल्ले हलवत राहायचा.

एक मात्र आधीच सांगते. मासा तिरका पोहतो, उलटा तरंगतो म्हणून लगेच मारायला उठू नका. पुष्कळदा जास्त खाऊ घातल्यानं तसं होतं, दोन-तीन दिवस उपाशी ठेवलं की सुधारतो. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असतील तर त्याला औषध आहे. मासे एकदम निपचित झाले तर आधी पाण्यातला अमोनिया तपासा. आणि एप्रिल-मे महिन्यात सगळेच वर येऊन धापा टाकायला लागले तर तो आजार नव्हे, गरम पाण्यात प्राणवायू कमी उरतो. एअर पंप वाढवा, टाकी खिडकीपासून लांब घ्या. खवले उभे, खाणं बंद आणि आठवडाभर इलाज करून फरक नाही, हे तिन्ही जमून आलं तेव्हाच मी ठरवलं, लाल्याला हाल न होता मारायचं.

ठरवल्यावर सल्ले सुरू. शेजारच्या अक्का म्हणाल्या, तलावात सोड, देवाघरी जाईल. जाऊबाई म्हणाल्या फ्रीजरमध्ये ठेव, झोपेतच जाईल. घरातून सूचना आली, संडासात टाकून पाणी सोड. तिन्ही नको. संडासातून गेलेला मासा लगेच मरत नाही, घाणीत गुदमरतो. गोल्डफिश थंडी सोसणारा जीव, रोहू-कटल्याच्याच कुळातला, फ्रीजरमध्ये तो बराच वेळ जागा असतो. प्रयोगशाळेत चार सेंटीमीटरच्या आतले गरम पाण्यातले मासे एकदम बर्फाच्या पाण्यात टाकतात, ती गोष्ट वेगळी, ती गोल्डफिशला लागू नाही. पाण्याबाहेर काढून ठेवणं तर सगळ्यात वाईट, कल्ले एकमेकांना चिकटतात आणि मासा तडफडत राहतो. सोडा किंवा इनो घातलेल्या पाण्यानंही त्याची आग होते. आणि तलावात आजारी मासा सोडला की त्याचा रोग तलावातल्या माशांना. डोक्यावर एकच नेमका घाव घालून लगेच मेंदू निकामी करणं, हे ज्याला जमतं त्याच्यासाठी झटपट आहे. माझा हात तिथे चालत नाही, आणि चुकला तर हाल.

उरलं लवंगेचं तेल. दाढ दुखली की कापसावर लावतो, तेच. त्यातलं युजेनॉल कल्ल्यांतून रक्तात जातं. आधी गुंगी, मग पूर्ण भूल, मग श्वास थांबतो. मेडिकलमध्ये दोन मिलीची बाटली मिळते, पण वाचून घ्या. दातदुखीच्या तेलात कधी कापूर, कधी आणखी काही मिसळलेलं असतं. शुद्ध लवंगेचंच हवं.

जुनी बादली घ्या, जी परत स्वयंपाकघरात येणार नाही. तिच्यात टाकीतलंच दोन लिटर पाणी, नवीन नको. एअर पंपाची नळी सोडून ठेवा, गुंगी येईपर्यंत त्याला श्वास नीट घेता यायला हवा. मासा अलगद आत सोडा आणि वरून अर्धं फडकं टाका, अंधारात तो कमी बिथरतो.

आता तेल. ते पाण्यात विरघळत नाही, नुसते थेंब टाकले तर ते वेगळेच राहतात आणि माशाला नीट लागू पडत नाहीत. रिकाम्या औषधाच्या बाटलीत अर्धी वाटी कोमट पाणी, त्यात पाच थेंब तेल, झाकण लावून ताकासारखं पांढरं होईपर्यंत जोरात हलवायचं. ते बादलीत एकदम ओतायचं नाही, पाचेक मिनिटांत थोडं थोडं. लाल्या पहिल्या मिनिटाला एकदा जोरात फिरला, मग कुशीवर कलला. शेपटीच्या बुडाशी बोटानं दाबलं तरी हलेना, तेव्हा दुसरी बाटली केली, या वेळी एक मिली, म्हणजे साधारण वीस थेंब. बारक्याच्या तापाच्या औषधाचा ड्रॉपर होता, त्यावर खुणा असतात. ही मात्रा दोन लिटरची. पाणी जास्त असेल तर तेलही त्या हिशेबानं वाढवा.

कल्ले थांबले की घड्याळ बघायचं. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेनं कल्ले थांबल्यावर किमान दहा मिनिटं तरी मासा त्याच पाण्यात ठेवायला सांगितलंय. गोल्डफिशला मी पूर्ण तास देते, त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी सोनीच्या, म्हणजे आधीच्या गोल्डफिशच्या वेळी मी पाच मिनिटांत बाहेर काढून ती साध्या पाण्यानं धुतली. पेपरात गुंडाळायला गेले आणि कल्ला हलला. तेल अंगातून उतरत होतं आणि ती जागी होत होती. माझ्या हातावर. परत सगळं पहिल्यापासून केलं, या वेळी हात थरथरत होते आणि अर्धे थेंब ओट्यावर. घाई करू नका.

तासाभरानंतर मासा हळूच कुशीवरून सरळ करा. जिवंत माशाचा डोळा शरीर वळलं की उलट बाजूला फिरून सरळ राहायला बघतो, मेलेल्याचा फिरत नाही, शरीराबरोबर तसाच जातो. कल्ला, डोळा, शेपटी, तिन्ही शांत असतील तरच पुढे. जरा जरी शंका आली तर आणखी वीस थेंब. पशुवैद्य यानंतर मेंदू निकामी करून खात्री करून घेतात. मोठा मासा असेल, फूटभर ऑस्कर वगैरे, तर हे घरी करू नका, त्यांच्याकडेच न्या.

बारक्याला मी शाळेत पाठवून हे केलं नाही. तो दारात उभा होता. त्यानं एवढंच विचारलं, "आई, झोप लागल्यावर दुखतं का?" मी म्हणाले, "तुझा दात काढला तेव्हा दुखलं का?" "नंतर दुखलं." "याला नंतर नाही." तो गेला खेळायला.

मासा मांजराला घालू नका, तेल अंगात असतं. आम्ही लाल्याला कढीपत्त्याच्या मोठ्या कुंडीत वीतभर खोल पुरला आणि वर फरशीचा तुकडा ठेवला. बादलीतलं पाणी भरपूर साध्या पाण्याबरोबर बाथरूमच्या मोरीत. जाळी आणि एअर पंपाचं टोक मात्र साबणानं नाही, गरम पाण्यानं तीन-चारदा धुऊन उन्हात टाका. लवंगेचा वास पूर्ण जाईपर्यंत ते टाकीत घालू नका, नाहीतर उरलेले मासे पेंगायला लागतात. आमची जाळी दोन दिवस दोरीवर होती, शिवून ठेवलेल्या खाकी पँटींच्या शेजारी, आणि त्या पँटींनाही वास लागला.