वळीव यायच्या आत आंबा उतरवताय? आधी ट्रॉलीच्या चाकांत हवा बघा

मे महिना लागला, दुपारी सह्याद्रीच्या माथ्यावर ढग जमू लागले की बागेत एकच धांदल उडते. उरलेला हापूस एकाच खेपेत काढायचा म्हणून ट्रॉलीवर क्रेटचे थर चढत जातात. चाकांकडे कुणी बघत नाही. मग घाटात टायर फुटतो आणि वर्षाची कमाई रस्त्यावर पसरते. हे दरवर्षी दिसते, आणि बऱ्याचदा टायर जुना नसतो. हवा कमी असते.

हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्याला बाजूने दुमडतो. त्याने आतले रबर तापते आणि थर सुटू लागतात. भार वाढला की दुमड खोल होते, वेग वाढला की ती मिनिटाला जास्त वेळा होते. वर मेच्या उन्हात तापलेले डांबर.

हिशोब करा. २० किलोचा एक क्रेट धरला तर १५० क्रेट म्हणजे ३ टन. ट्रॉली स्वतः १ टनाची असेल तर चार चाकांवर प्रत्येकी १ टन, तेही माल सारखा रचला असेल तरच. वळणावर बाहेरच्या चाकावर जास्त भार येतो. टायरच्या बाजूला कमाल भार आणि त्यासाठी लागणारी हवा छापलेली असते. हवा त्याहून कमी असेल तर तेवढा भार त्या टायरला पेलत नाही. वेगाचे चिन्ह 'ए८' असेल तर मर्यादा ताशी ४० किमी.

हवा सकाळी, चाके गार असताना, गेजने मोजा. लाथ मारून काही कळत नाही. वाटेत गरम टायरची हवा वाढलेली दिसली तरी सोडू नका, गार झाल्यावर ती कमी पडते.

बागेतली बाकीची कामे:
- फळे १४ आणे (सोळा आणे म्हणजे पूर्ण पक्व) तयार झाल्यावर देठासह काढा, त्यासाठी नूतन झेला (फळ देठासह कापून जाळीत झेलणारे, काठीला लावायचे साधन) वापरा.
- फळमाशीसाठी रक्षक सापळे, हेक्टरी ४.
- गळलेली फळे गोळा करून नष्ट करा.
- काढलेला आंबा सावलीत ठेवा.

दुकानदार नायट्रोजन भरायला सांगेल. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्या पैशात चांगला गेज घ्या. टायरवर तो कधी बनला हे सांगणारे चार आकडे असतात, ते वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. वर्षभर उन्हापावसात उभ्या ट्रॉलीच्या टायरला बाजूने चिरा असतील तर नक्षी शाबूत असली तरी तो बदला.

माझा एक अंदाज, पुस्तकातला नाही: घाट चढण्याआधी थांबून चारही चाकांना तळहात लावा. एकच टायर जास्त तापलेला लागला तर त्याची हवा उतरत असावी. तिथेच स्टेपनी लावा.