छोट्या गाडीत दुसरे इंजिन बसवताना वायरिंग कसे जुळवावे

इंजिन माउंटवर बसले की निम्मे काम झाले. उरलेला वेळ वायरिंग खाते. इंजेक्शनच्या इंजिनाचे हार्नेस (वायरींचा जुडगा) कितीही जाडजूड दिसले तरी त्यातल्या बहुतेक वायरी सेन्सर, इंजेक्टर आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) यांच्यातच फिरतात. त्यांना हात लावायचा नाही. गाडीशी जोडायच्या वायरी मोजक्याच असतात, आणि त्या अचूक ओळखणे हेच खरे काम.

इंजिन घेतानाच ते ज्या गाडीतले आहे त्याच गाडीचे अख्खे हार्नेस, ईसीयू आणि रिले बॉक्स (विजेने चालणाऱ्या स्विचांचा डबा) मागून घ्या. इमोबिलायझर (चोरी रोखणारी किल्लीची यंत्रणा) असेल तर किल्ली, किल्लीभोवतीची अँटेना रिंग आणि त्याचे युनिटही हवे. यातले एक जरी राहिले तर सेल्फ फिरेल, पण इंजिन धरणार नाही. कपलर (वायरी जोडायचे प्लग) कापलेले हार्नेस स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका.

आता दोन्ही गाड्यांचे वायरिंग डायग्राम मिळवा. मॉडेलचे वर्ष आणि इंजिन कोड तंतोतंत जुळला पाहिजे, कारण एकाच इंजिनाच्या दोन आवृत्त्यांत ईसीयूच्या पिन बदलतात. मग कागदावर तक्ता करा: ईसीयूची पिन, वायरीचा रंग, तिचे काम आणि आपल्या गाडीतली जोडायची वायर. बॅटरीचा कायमचा प्लस, इग्निशनचा प्लस, इंधनाचा पंप, सेल्फ, अर्थ, आरपीएम, चेक इंजिनचा दिवा, चार्जिंगचा दिवा, फॅन, एसी आणि स्कॅनरचे सॉकेट एवढे त्यात यायला हवे. नुसत्या रंगावर विसंबू नका, प्रत्येक वायर मल्टीमीटरने तपासा. तक्ता पूर्ण होईपर्यंत कटर बाजूला ठेवा.

सगळ्यात जास्त फसगत इग्निशनच्या प्लसवर होते. काही वायरींत किल्ली 'ऑन'ला असताना 12 व्होल्ट येतात, पण सेल्फ मारताना तुटतात. अशी वायर ईसीयूला दिली तर इंजिन नुसते फिरत राहते. म्हणून सेल्फच्या सोलेनॉइडची (सेल्फ चालू करणाऱ्या स्विचची) बारीक वायर काढून ठेवा, किल्ली 'स्टार्ट'ला धरा आणि व्होल्टेज टिकते का ते पाहा. टिकले तरच ती वायर घ्या.

पंपाचा भार किल्लीवर टाकू नका. रिलेच्या 30 नंबरला बॅटरीतून फ्यूज लावून करंट द्या, 87 वरून पंपाला न्या आणि रिलेची कॉइल ईसीयूच्या ताब्यात राहू द्या. इंजिन बंद पडले की ईसीयू पंप थांबवतो. अपघातात हीच गोष्ट आग टाळू शकते, म्हणून पंप थेट जोडण्याचा मोह मला अजिबात मान्य नाही.

इंजिन रबरी माउंटवर असते, तेव्हा त्याला बॉडीची अर्थ आपोआप मिळत नाही. इंजिन, बॉडी आणि बॅटरीचा मायनस जाड पट्टीने जोडा, खालचा रंग खरवडून. सेन्सरची अर्थ मात्र ईसीयूकडेच जाऊ द्या. क्रँक सेन्सरच्या वायरीवरचे शील्ड (धातूचे आवरण) मूळ जागीच, एकाच टोकाला अर्थ केलेले ठेवा.

टेम्परेचरच्या काट्यासाठी गाडीचाच जुना सेंडर (काट्याला तापमान कळवणारा सेन्सर) बसवा, नाहीतर काटा खोटे दाखवेल.

जोड नीट क्रिम्प करून (दाबून बसवून) हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा, आणि सगळे जोड एकाच जागी येऊ देऊ नका. ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीला सोल्डर नको, कारण अनेक सेन्सर त्या तारांमधूनच बाहेरची हवा घेतात.

ईसीयूचे कपलर लावण्याआधी बॅटरी जोडा, किल्ली 'ऑन' करा आणि प्लसच्या पिना तक्त्याप्रमाणे तपासा. अर्थच्या पिना बॅटरी काढूनच मोजा. सगळे बरोबर असेल तर बॅटरी काढूनच कपलर लावा. सेल्फ फिरताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचा मायनस यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थ कच्ची आहे.

चालू इंजिनावर बॅटरीला साधारण 14 व्होल्ट मिळायला हवेत. किल्ली काढूनही इंजिन चालूच राहिले तर बहुधा अल्टरनेटरच्या (चार्जिंगच्या) दिव्याच्या वायरीतून करंट उलटा येत असतो. तिथे दिव्याकडून अल्टरनेटरकडे जाऊ देणारा डायोड टाका. मग स्कॅनर लावून कोड वाचा, इंजिन तापल्यावर हार्नेस जागोजागी हलवून पाहा, आणि त्यानंतरच टेप गुंडाळा.