फोटो पाठवण्याआधी नाव फाइलमध्येच भरा

फोटोखाली छायाचित्रकाराचं नाव येत नाही, तेव्हा दर वेळी चोरीच झालेली असते असं नाही. फोटो तीन-चार हातांतून फिरतो आणि पान लावणाऱ्याला तो कुणाचा हेच कळत नाही. म्हणून नाव फाइलच्या आत असू द्या. बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांच्या मेनूत कॉपीराइट माहितीचा पर्याय असतो. तिथे एकदा नाव भरलं की पुढच्या प्रत्येक फोटोत ते आपोआप उतरतं. संगणकावर आयपीटीसीचे (फोटोच्या फाइलमध्ये माहिती साठवण्याची ठरलेली पद्धत) निदान तीन रकाने भरा: क्रिएटर, क्रेडिट लाइन, कॉपीराइट नोटिस. एक्सपोर्ट करताना मेटाडेटा, म्हणजे फाइलमध्ये भरलेली ही माहिती, गाळला जात नाही ना, तेही बघा.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर ही माहिती पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवा आणि ओळ कशी छापायची ते जसंच्या तसं लिहून द्या: ‘छायाचित्र:’ आणि पुढे पूर्ण नाव. मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली) मात्र स्वतःकडेच ठेवा. वाद झालाच तर तोच भक्कम पुरावा.

बर्न करारात (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) १९२८ साली आलेल्या तरतुदीनुसार कॉपीराइट विकला तरी कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क उरतो. त्यामुळे सहीआधी करारात हा हक्क सोडल्याचं वाक्य आहे का ते शोधा, आणि असेल तर ते काढायला सांगा.

नावाशिवाय फोटो छापलेला दिसला तर आधी वेबपानाचा पत्ता आणि तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, मगच छापणाऱ्याला लिहा. उलटं केलंत तर फोटो गुपचूप उतरवला जातो आणि दाखवायला हातात काहीच राहत नाही.