खेळ सुटला पण दुखणं सुटलं नाही? या चुका टाळा

मी आठ वर्षं कबड्डीत रेडर म्हणून, म्हणजे चढाई करणारा म्हणून खेळलो, आता गुडघा रोज दुखतो, आणि जुने खेळाडू भेटले की बघतो, सगळे त्याच चुका करतायत ज्या मी केल्या, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दुखणं अजूनही मॅचसारखं दाबून ठेवणं. तेव्हा चालून जायचं, स्प्रे मारला, टेप गुंडाळली आणि परत चढाईला, कारण शिट्टी वाजली की सुटका हे माहीत होतं. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्याला शिट्टीच नसते. अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू बातिस्तुता आठवतो का? 2005 ला खेळणं सोडलं आणि घोटे इतके दुखायला लागले की डॉक्टरला म्हणाला माझे पाय कापून टाका. हे त्याने पुढे स्वतःच सगळ्यांना सांगितलं. आणि आपण घरात 'काही नाही गं, ठीक आहे' म्हणत बसतो, बायको बिचारी आपली चिडचिड सहन करते.

दुसरं म्हणजे चांगला दिवस आला की सगळं उरकून घ्यायचं. कमी दुखतंय म्हणून पोरांबरोबर तासभर मैदानात उतरलो की पुढचे तीन दिवस पलंगावर, मग वाटतं आपण संपलो. फिजिओने मला सांगितलं, वाईट दिवशीही जमेल तेवढंच चाला, माझं ते दहा मिनिटं होतं, चांगल्या दिवशी पण दहाच, मग हळूहळू वाढवा. थांबायला आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं त्यामुळे हे फार जड जातं, पण फरक पडला. नुसतं पडून राहणंही नको, हालचालीची भीती बसते.

एमआरआयचा रिपोर्ट सारखा काढून वाचू नका, जेवढी झीज तेवढंच दुखणं असं नसतं. पेनकिलर मनाने वर्षानुवर्षं घेऊ नका, पोट आणि किडनीची वाट लागते. दारू तर नकोच.

मला मानसोपचारतज्ज्ञाकडे जा म्हटल्यावर राग आलेला, दुखतो गुडघा आणि डोकं कशाला तपासायचं. पण दुखणं खोटं आहे असं कुणी म्हणतच नव्हतं. 'हे कधीच जाणार नाही, जर्सी गेली, आता मी कोण' हे विचार रात्रभर चालतात, झोप जाते, आणि झोप गेली की दुखणं वाढतं. त्या विचारांवर काम करता येतं. फारच वाईट विचार यायला लागले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मी पहिल्यांदा मोकळा बोललो ते आमच्या टीमच्या जुन्या कॉर्नरशी, म्हणजे कोपऱ्यात उभं राहून पकड करणाऱ्याशी, त्याचा खांदा गेलाय. आता दर रविवारी फोन असतो, पाच मिनिटं दुखण्याचं, बाकी सगळं कबड्डीचं.