अबोल्याच्या घरात वाढलेल्यांसाठी

आमच्या घरी कधी कुणी हात उगारला नाही. शिक्षा एकच होती, अबोला. सहामाहीत मार्क घसरले की आई ताट वाढायची, पण बोलायची नाही. काही सांगायचं असलं तर धाकट्या भावामार्फत. पुढच्या परीक्षेत नंबर आला की घर पुन्हा बोलायला लागायचं.

असं वाढलेल्या माणसाला प्रेम पगारासारखं वाटतं: आधी काम, मग मोबदला. कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात हे नेमकं मांडलं. ठरावीक वागलं तरच माया मिळत असेल, तर मूल स्वतःची किंमतही त्याच अटींवर ठरवायला लागतं. असोर, रॉथ आणि डेसी या मानसशास्त्रज्ञांच्या २००४ सालच्या अभ्यासात कॉलेजातली अशी मुलं आईवडिलांना हवं तसं वागत होती खरी, पण आतल्या दडपणाखाली. आणि त्यांच्या मनात आईवडिलांविषयी रागही होता. म्हणून तुम्हाला आईचा राग येत असेल तर त्याची लाज वाटू देऊ नका.

पण अटींशिवाय मिळणारं, बिनशर्त प्रेम ओळखायला आणि घ्यायला मोठेपणीही शिकता येतं. सुरुवात वहीपासून करा. ‘मी हवीशी वाटायला काय करावं लागायचं?’ याची उत्तरं लिहून काढा. माझी अशी होती: आजारी पडायचं नाही, पाहुण्यांसमोर रडायचं नाही, कुणाकडे काही मागायचं नाही. यातली कुठली अट आजही कुणी न सांगता पाळता, तिच्यावर खूण करा. माझी खूण शेवटच्या अटीवर होती.

मग फुकट घ्यायला शिका. हे फार अवघड आहे, म्हणून घाई करू नका. शेजारच्या काकूंनी अळूवडी पाठवली की डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही आपली रीत सुंदरच आहे. पण डब्यात काहीतरी घालताना मनात आनंद असतो की धास्ती, ते तपासा. माझ्या मनात धास्ती असायची. कामावरून दमून आल्यावर रात्री शिरा ढवळत बसायचे, फक्त काकूंचं मन फिरू नये म्हणून. एकदा ठरवून डबा घासला, पुसला, रिकामा नेऊन दिला आणि ‘वड्या फार छान झाल्या होत्या’ एवढंच म्हटलं. पोटात गोळा आला होता. काकूंनी डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘आत ये गं, पंख्याखाली बस जरा.’ असे प्रसंग साठवावे लागतात. मन युक्तिवादाने वळत नाही, अनुभवाने वळतं.

त्यानंतर नकार. ज्यांच्यावर भरवसा आहे अशा माणसापासून सुरुवात करा. ‘रविवारी मला जमणार नाही.’ बस्स. पुढे कारणांची रांग लावू नका आणि रात्री माफीचा मेसेजही पाठवू नका. समोरचा थोडा खट्टू होईल, तेवढा होऊ द्या. बघायचं ते हे, की खट्टू होऊनही तो तुमच्याशी बोलतो का.

कारण बिनशर्त प्रेम म्हणजे सगळं खपवून घेणं नव्हे. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवरा एकदा माझ्यावर चांगलाच चिडला होता. मी सवयीने आता किती दिवस अबोला, याचा हिशेब मांडत होते. तो स्वयंपाकघरातून म्हणाला, ‘राग गेलेला नाहीये माझा. चहा टाकतोय, तुला आलं घालून ना?’ रागही होता आणि माणूसही जागेवर होता. अपेक्षा ठेवायची ती याची. उलट प्रत्येक नकारावर कुणी अबोला धरत असेल, पैसे अडवत असेल, तर तिथे आणखी गोड वागून काही होत नाही, अंतर ठेवा.

आई बदलेल याची वाट मात्र पाहू नका. फोन करा, तब्येत विचारा, पण बढतीची बातमी आधी अशा माणसाला सांगा, जो बढती हुकली असती तरी तुमचा फोन उचलतो. जे लहानपणी मिळालं नाही त्याचं रडू येईल, ते येऊ द्या.

घरात मूल असेल तर रागावल्यावर तोंडाने सांगा, ‘मी चिडलेय, तरी जेवायला आपण एकत्रच बसणार आहोत.’

आणि झोप उडाली, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर एकट्याने रेटू नका. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.